राहून गेलेले छप्पन यार्ड

साखळी धरणाऱ्या माणसानं टाळी वाजवायची नाही, हा पहिला नियम. कोणत्याही संघाच्या कोचला सल्ला द्यायचा नाही, हा दुसरा. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातल्या आमच्या डोर्नी गावात शुक्रवारी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की मैदानाच्या पलीकडच्या कडेला, पाहुण्या संघाच्या बाजूनं, आम्ही तिघं उभे असायचो. संघानं चेंडू पुरेसा पुढं नेला का ते मोजायची दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. एक माझ्या हातात, एक गेलन प्रुसच्या. चेंडू कुठं थांबलाय ते दाखवणारी तिसरी काठी डेल्मर व्होंड्राच्या हातात. आमचा संघ जिंको, हरो, चेहरा सरळ ठेवायचा. मला ते जड गेलं नाही. गेलन डुकरं पाळतो आणि सतत बोलतो, त्यामुळे त्याला फार जड गेलं. आणि डेल्मर कधी मोठ्यानं बोललाच नाही, म्हणून त्याला हे काम देवानंच दिलंय असं त्याची बायको मार्लिस म्हणायची.

डेल्मर सहकारी संस्थेच्या गॅसची गाडी चालवायचा. हिवाळ्यात घरं तापवायला आणि ऑक्टोबरात मका वाळवायला शेतोशेती टाक्या भरून द्यायच्या. त्याच संस्थेचे हिशेब बघायला मी तिशीत या गावात आलो आणि इथलाच झालो. कामावरच्या पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या टेबलाशी कुणीतरी मला म्हणालं, "हा डेल्मर. ह्याला त्या किकबद्दल विचारू नकोस, जेवणाची सुट्टी संपेल." मी विचारलं. सुट्टी संपली.

फुटबॉलच्या नियमांत एक जुनं कलम आहे. समोरच्या संघानं चेंडू आपल्याकडे उंच लाथाडला आणि झेलणाऱ्यानं झेलण्याआधी हात वर करून हलवला, तर त्याला कुणी धक्का मारायचा नाही. पण मग त्यानंही पळायचं नाही. झेल घेतला तिथंच चेंडू थांबतो. एवढं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पुढचं सहसा कुणी वाचत नाही. त्या जागेवरून त्या संघाला एक मुक्त किक मागता येते. चेंडू रबरी ठोकळ्यावर उभा करायचा, विरोधकांनी दहा यार्ड लांब उभं राहायचं, आणि चेंडू दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर तीन गुण. एरवी असे तीन गुण मिळवायचे तर चेंडू आधी सात यार्ड मागं फेकून घ्यावा लागतो आणि समोरची अख्खी फळी अंगावर धावून येते. इथं कुणी येत नाही. कॉलेजच्या नियमांतून हे कलम केव्हाच काढून टाकलं. आमच्याकडच्या शाळांच्या नियमांत ते राहिलं.

"कुणी अंगावर येत नाही," डेल्मर सांगायचा. "तू, चेंडू आणि वारा. दुसरं काही नाही. फुटबॉलमध्ये एवढी शांत जागा दुसरी नाही."

ही शांत जागा त्याला एकदा मिळाली होती. एकोणीसशे बहात्तर साली, होमकमिंगच्या संध्याकाळी, म्हणजे गाव सोडून गेलेली मंडळी ज्या सामन्यासाठी परत येतात त्या दिवशी. तो शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता. तेव्हा आमच्याकडे अकरा जणांचा पुरा संघ होता, पुऱ्या शंभर यार्डांचं मैदान होतं. डेल्मर जुन्या पद्धतीनं, सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं मारायचा. उजव्या बुटाचं टोक चौकोनी, फळी मारल्यासारखं सपाट. समोर शेजारच्या वेल्डन गावाचा संघ. सामन्याचा पहिला अर्धा भाग संपत आलेला. वेल्डनवाल्यांनी वाऱ्याच्या तोंडावर चेंडू लाथाडला, तो पुरता गेलाच नाही, आमच्या पोरानं हात हलवून त्यांच्या शेहेचाळीस यार्डांच्या रेषेवर झेल घेतला. खांब गोलरेषेच्या मागं दहा यार्ड. म्हणजे छप्पन. वारा पाठीशी. आमच्या त्या वेळच्या कोचला कलम ठाऊक होतं. त्यानं किक मागितली.

डेल्मर ठोकळा घेऊन मैदानात गेला. त्याच वेळी गुणांच्या फळ्यावरच्या घड्याळाचा भोंगा वाजला. खरी वेळ पंचाच्या मनगटावर असायची, आणि तिथं अजून थोडे सेकंद बाकी होते. फळ्यावरचं घड्याळ गणिताचे सर चालवायचे आणि ते जरा पुढं पळायचं. पण मैदानाच्या टोकाशी शाळेचा बँड मध्यंतरात वाजवायला तयार उभा होता. बँडच्या पुढं, पांढऱ्या टोपीत, गळ्यात शिट्टी घातलेली मार्लिस बार्टा. तिनं भोंगा ऐकला, शिट्टी फुंकली, आणि सत्तर पोरं वाद्यं घेऊन मैदानात आली.

पंच हात पसरून उभा राहिला. काही उपयोग झाला नाही. बँडनं पहिलंच गाणं धरलं ते रॉनी क्लिमेंटसाठी. रॉनी त्या उन्हाळ्यात व्हिएतनाममधून पेटीत परत आला होता. त्याची आई पहिल्या बाकावर बसली होती. लोक उठून उभे राहिले, टोप्या उतरल्या. पंच कोचपाशी आला आणि हळूच म्हणाला, "तुमचा हक्क आहे. मी त्यांना बाजूला करू शकतो." कोचनं डेल्मरकडे बघितलं. सतरा वर्षांचा पोरगा, हातात रबरी ठोकळा.

"राहू दे," डेल्मर म्हणाला.

सामना आम्ही वीस गुणांनी जिंकलो. तीन गुणांनी कुणाचं काही अडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती किक कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. डेल्मर आणि मार्लिस सोडून.

सोमवारी ती शाळेत त्याच्या कपाटापाशी आली. हातात रुमालाखाली जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, आईनं भाजलेले, अजून गरम.

"मी भोंगा ऐकला," ती म्हणाली.

"सगळ्यांनीच ऐकला."

"मग तू मला शिव्या का देत नाहीस?"

"तोंडात कोलाचा आहे."

हे दोघंही सांगायचे, आणि शेवटचं वाक्य आपण म्हणालो असं दोघंही सांगायचे. चार वर्षांनी त्यांचं लग्न झालं.

त्यांच्या घरी मी पुष्कळ जेवलो. मी एकटा माणूस. मार्लिसचं म्हणणं असं की एकट्या माणसाला थंडीत बुधवारी तरी कुणीतरी वाढलं पाहिजे. चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा रोल, आमच्या भागात शाळेपासून सगळे तसंच खातात. जेवण झालं की किकचा विषय निघायचाच, आणि काढायची तीच.

"विचार त्याला," ती मला म्हणायची, "गेली असती का?"

"गेली असती," डेल्मर म्हणायचा.

"छप्पन यार्ड! अरे, तुला घाणेरडे मोजे टोपलीत टाकता येत नाहीत. टोपली दोन हातांवर असते."

"मोज्यांना वारा नसतो."

"माझे उपकार मान. मी शिट्टी वाजवली म्हणून तुझी ती किक आजपर्यंत हवेत आहे. नाहीतर त्याच दिवशी पडली असती धपकन."

मग ती हसायची, आणि तोही, ताटाकडे बघत.

तिनं त्याला कितीदा तरी म्हटलं की मैदान चार गल्ल्या पलीकडे आहे, चेंडू गॅरेजात आहे, जा आणि मारून ये एकदाची. तो गेला नाही. रिकाम्या मैदानावर मारलेली किक ही किक नव्हे, असं त्याचं मत होतं. सामना हवा, कुणीतरी हात हलवून झेल घेतलेला हवा, पंचानं मान्य केलेली हवी. आता स्वतः मारण्याचं वय गेलं होतं हे त्याला कळत होतं. पण त्या मैदानावर ती किक एकदा मारलेली त्याला बघायची होती. कुणीही मारावी. त्यासाठीच तो साखळीवर आला, असं मला वाटतं. काठी घेऊन उभं राहिलं की सगळ्यात जवळून दिसतं.

होमकमिंगच्या सकाळी त्यांच्या घरात एक रीत होती. तो ओट्यापाशी उभा राहून कॉफी पीत असे. मार्लिस खिळ्यावरची जुनी शिट्टी काढायची आणि एकदा जोरात वाजवायची. शिट्टी वाजली की डेल्मर होता तसा थांबायचा, कप ओठांपाशी, एक पाय पुढं. ती त्याला मनाला येईल तेवढा वेळ तसाच उभा ठेवायची. कधी भांडी विसळायची, कधी फोन घ्यायची. मग म्हणायची, "आता मार." तेव्हा तो कॉफीचा घोट घ्यायचा. एका वर्षी मी घरोघरी अंडी पोचवणाऱ्या बाईंबरोबर दारात उभा राहून हे सगळं बघितलं. बाईंनी मला विचारलं, "ह्यांना बरं नाही का?"

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मार्लिस गेली. आजार सहा महिन्यांचा होता. त्यानंतरच्या बुधवारी डेल्मर माझ्याकडे आला, डबाबंद चिली घेऊन. रोल नव्हता. आम्ही जेवलो. किकचा विषय निघाला नाही. पुढंही नाही. तिच्याशिवाय तो काढायचा कुणी?

गावही तोवर आक्रसलं होतं. शेतं मोठी होत गेली तशी शेतकऱ्यांची घरं कमी झाली, घरं कमी झाली तशी पोरं. एका वर्षी संघाला अकरा जण पुरेनात. मग लहान शाळांचा आठ जणांचा खेळ सुरू केला, आणि त्या खेळाला मैदान ऐंशी यार्डांचंच लागतं. पूर्वेकडचे खांब उपटून वीस यार्ड आत आणून रोवले. नव्या रेषा आम्हीच मारल्या; डेल्मर चुन्याची गाडी ढकलत होता आणि मी दोरी धरली होती. जुन्या खांबांचे सिमेंटचे बुंधे तिथंच राहिले. कापायला जास्त खर्च आला असता. बहात्तर सालची किक त्याच बाजूला जायची होती. गवत कापताना डेल्मर त्या दोन बुंध्यांभोवती कातरीनं कापायचा. मी एकदा म्हटलं, "कशाला? आता तिकडं कोण जातंय?" तो म्हणाला, "गवतात दिसले नाहीत तर कुणीतरी अडखळेल." तिकडं कुणीच जात नव्हतं.

मग शाळा मंडळानं ठरवलं की पुढच्या वर्षापासून आमची शाळा वेल्डनच्या शाळेत मिसळायची. इमारत राहील की नाही ते नंतर बघू, मैदान मात्र बंद. शेवटचा घरचा सामना होमकमिंगचाच, आणि तोही वेल्डनशीच. दिव्यांचे दोन खांब वादळात वाकले होते आणि एका सामन्यासाठी ते दुरुस्त करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सामना शुक्रवारी दुपारी ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ते कलम आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. दुसऱ्या कुठल्या गावात कोचलाही ते आठवत नसेल. आमच्याकडे केस कापणाऱ्याला माहीत होतं, चर्चच्या पाळकांना माहीत होतं. डेल्मर ज्यांच्या टाक्या भरायचा त्या प्रत्येक घरात ते पोचलं होतं. आमचा आत्ताचा कोच ट्रेंट ओल्डी त्याच्याच गाडीत शेजारी बसून लहानाचा मोठा झालेला. आमची किक मारणारी केंड्रा डायर सरावात पंचेचाळीस यार्डांवरून मारायची, वारा असला तर थोडं जास्तही. फुटबॉल सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ट्रेंट सहकारी संस्थेत आला आणि टेबलापाशी सगळ्यांदेखत म्हणाला, "डेल्मर, यंदा प्रसंग आला तर मी किक मागणार. शब्द देतो."

"साखळीवाल्याशी कोचनं असं बोलू नये," डेल्मर म्हणाला.

"सामना सुरू झाल्यावर नाही बोलणार."

पूर्ण मोसम गेला. प्रसंग आला नाही. झेल कधी फार मागं झाला, कधी वेळ भरपूर होता, खेळून सहा गुण मिळवता आले असते, आणि किक मागणं वेडेपणा ठरलं असतं.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी मी डेल्मरकडे गेलो. त्यानं कॉफी केली होती. ओट्यापाशी खिळा होता, शिट्टी नव्हती. निघताना त्यानं कोटाचा खिसा चाचपला तेव्हा ती वाजली, आतल्या गोळीचा हलका आवाज.

दुपारी वारा पूर्वेला वाहत होता, चांगलाच. गाव सोडून गेलेली माणसं आली होती, पिकअप ट्रकांच्या मागच्या फळ्या उघडून बसली होती. आम्ही दोन गुणांनी मागं. पहिला अर्धा संपायला आला आणि वेल्डनला त्यांच्याच टोकातून, वाऱ्याच्या तोंडावर, चेंडू लाथाडावा लागला. चेंडू वर गेला, थांबला, आणि खाली पडायला लागला.

त्याच्याखाली आमचा कोल्बी सुलेक. गावातला सगळ्यात जोरात पळणारा. वेल्डनची पोरं चेंडूच्या अंदाजात चुकून भलतीकडंच धावत सुटली होती. कोल्बीच्या समोर कुणी नव्हतं. तो नुसता पळाला असता तर सरळ गोलरेषेपर्यंत जाऊन सहा गुण मिळाले असते, वाटेत त्याला अडवायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

कोल्बीनं हात वर केला आणि हलवला.

"अरे पळ!" गेलन ओरडला. "गाढवा, पळ ना! समोर कोण आहे तुझ्या?"

कडेच्या पंचानं वळून बघितलं. "साखळी, तोंड बंद."

"चुकलं, साहेब. खोकला आला."

कोल्बीनं झेल घेतला, सदतीस यार्डांच्या रेषेवर, आणि चेंडू पोटाशी धरून उभा राहिला. दुसऱ्या कुठल्याही गावातलं पोरगं पळालं असतं. ह्यानं जन्मापासून एकच गोष्ट ऐकली होती. पलीकडे ट्रेंटनं टोपी काढून जमिनीवर आपटली, मग ती उचलली, मग मैदानापलीकडून आमच्याकडे, नेमकं बोलायचं तर डेल्मरकडे, बघितलं. डेल्मर आपल्या काठीच्या टोकाकडे बघत होता. कोचशी बोलायचं नाही.

ट्रेंटनं हात वर केला. "किक!"

सगळं गाव उभं राहिलं. कुणी ओरडलं नाही. ट्रकांवरची माणसंही उतरून उभी राहिली.

वेल्डनचा कोच आमच्याच बाजूला, डेल्मरपासून हातभर. नवा माणूस होता. तो चिडून म्हणाला, "हे काय चाललंय? सरावाची किक आहे का ही? माझी पोरं लांब का उभी करताय?" पंच मैदानात गुंतलेला. मग त्यानं डेल्मरलाच विचारलं, "अहो, तुम्ही तरी सांगा. काय नियम आहे हा?"

शेहेचाळीस वर्षं ज्यानं ते कलम माणसांना पकडून पकडून सांगितलं, त्याला ते आता एका परक्यानं आपणहून विचारलं होतं. डेल्मरचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटी गेलननंच सांगितलं, डेल्मरच्याच शब्दांत, त्याच्याच संथ सुरात: "झेल घेतला तिथून मुक्त किक मागता येते. कुणी अंगावर येत नाही. तू, चेंडू आणि वारा."

"असं कधी होतं?"

"कधीच नाही," गेलन म्हणाला.

केंड्रानं ठोकळा ठेवला. सत्तेचाळीस यार्ड. तिच्या पल्ल्याच्या जरा पलीकडे, पण वारा पाठीशी होता. मी मैदानाच्या टोकाकडे नजर टाकली. दर होमकमिंगला पहिला अर्धा संपत आला की मी तिकडं बघतो, सवय आहे. बँड तयार उभा होता. म्हणजे जे होते ते. आता आमच्या बँडमध्ये चौदा पोरं, आणि त्यातली पाच संघात खेळणारी. ती मध्यंतरात खांद्यांवरच्या गाद्यांसकट तशीच धावत जाऊन वाद्यं उचलतात. केंड्रा स्वतः ट्रम्पेट वाजवते. तिचं ट्रम्पेट गवतावर आडवं ठेवलेलं होतं. बँड मैदानात यायला हवा तर किक मारणारी आधी मोकळी व्हायला हवी होती.

डेल्मरही तिकडंच बघत होता.

केंड्रा तिरकी धावत आली, आजकाल सगळे मारतात तशी, पायाच्या आतल्या बाजूनं. आवाज स्वच्छ आला. चेंडू वर गेला, वाऱ्यानं घेतला, गरगरत सरळ खांबांच्या दिशेनं निघाला. मी डेल्मरकडे बघितलं. त्याची काठी हातातून सुटून गवतात पडली होती. त्यानं एक पाय पुढं टाकला होता आणि तो तसाच थांबला होता.

चेंडू दांडीच्या खालून गेला. फार नाही, हातभर खालून. मागच्या गवतात पडला आणि जुन्या बुंध्यांच्या दिशेनं घरंगळत गेला.

पंचानं हात आडवे हलवले. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळ वेळ, गोल झाल्यावरही वाजवत नाहीत इतक्या. ट्रेंटनं केंड्राच्या हेल्मेटवर थाप मारली. ती बँडकडे पळाली. वाटेत आमच्यासमोरून जाताना तिनं वळून हाक मारली, "मिस्टर व्होंड्रा, सॉरी! थोडी कमी पडली!"

"छान होती, पोरी," डेल्मर म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता.

बँडनं गाणं धरलं. चौदा वाद्यांचा आवाज वाऱ्यावर पातळ होऊन येत होता. गेलननं डेल्मरची काठी उचलून त्याच्या हातात दिली आणि तीन वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"काय रे, तुझी गेली असती का?"

डेल्मरनं काठी गवतात सरळ रोवली. मग म्हणाला, "कुणास ठाऊक."

गेलन गप्प झाला. त्याच्या बाबतीत ही बातमी होती.

सामना आम्ही हरलो. लोकांनी मैदानात फोटो काढले, खांबांना हात लावून बघितले, काहींनी गवताची ढेकळं उपटून पिशवीत घातली. ऊन कलायच्या आत गाड्या निघून गेल्या. साखळी गुंडाळून खोलीत ठेवायचं आमचं काम राहिलं होतं. गेलन डुकरांना खायला घालायचं म्हणून आधीच गेला होता. मी काठ्या गोळा करत होतो तेव्हा डेल्मर चेंडूच्या पिशवीतून एक चेंडू आणि केंड्राचा ठोकळा घेऊन मैदानात गेला. तो नव्या रेषा बघत नव्हता. जुने बुंधे आणि पश्चिमेचे खांब यांच्यामधून नजर लावत तो मागं मागं सरकत गेला आणि एका जागी थांबला. तिथं चुना नव्हता. पण शेहेचाळीस यार्डांची जुनी रेषा तिथंच होती, मला ठाऊक आहे, पुसली तेव्हा दोरी मीच धरली होती.

त्यानं ठोकळा ठेवला, त्यावर चेंडू उभा केला, मला हाक मारली. मी गेलो. त्यानं खिशातून शिट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"एकदा वाजव," तो म्हणाला.

"तू मारणार आहेस?"

"आधी वाजव तर."

पायात त्याच्या रोजच्या कामाचे बूट होते. तो चार पावलं मागं गेला. समोर नवे खांब, आणि त्यांच्या मागं जिथं दांडी असायची तिथं नुसतं आभाळ. त्या बाजूला मारलेली किक गेली की नाही हे आता कुणालाही सांगता आलं नसतं.

मी शिट्टी वाजवली. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठा आवाज झाला.

डेल्मर एक पाऊल पुढं आला आणि थांबला. एक पाय पुढं, हात थोडे पसरलेले. चेंडू ठोकळ्यावर वाऱ्यानं डुगडुगत होता. तो थांबूनच राहिला. पुढं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. दोन शब्द. ते माझ्या ओठांपर्यंत आले. पण मी ते म्हणालो असतो तर माझ्या आवाजात म्हणालो असतो, आणि त्याला ते माझ्या आवाजात नको होते, हे मला त्याच्या पाठीकडे बघून कळत होतं.

वाऱ्यानं चेंडू पाडला. तो आपोआप थोडा घरंगळला आणि थांबला.

डेल्मरनं पाय मागं घेतला. चेंडू काखेत मारला, ठोकळ्यावरचं गवत फुंकून काढलं.

"केंड्राची हातभर खालून गेली," तो म्हणाला. "हातभरच. आणि घरी जाऊन सांगू कुणाला?"

मी शिट्टी त्याला परत दिली. त्यानं ती खिशात टाकली, आणि आम्ही साखळीची दोन टोकं धरून, ती गवतात ओढत, खोलीकडे चालू लागलो.